शून्याचा खिळा

त्या वसाहतीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ती काचबाई. कुणाच्या भिंतीला तडा गेला की त्यावर बोटभर रुंद काचेची पट्टी आडवी चिकटवायची, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा थापायचा, काचेवर तारीख घालायची आणि घरच्यांना ताकीद द्यायची, "पुसायची नाही, हात लावायचा नाही, आणि तुटली तर त्याच दिवशी मला फोन." तडा वाढला की काच तुटते, इतकी साधी गोष्ट. काच कुणाची भीड ठेवत नाही, कुणाची समजूतही काढत नाही. बाईही तशीच आहे, असं लोक म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वसाहत काळ्या मातीवर वसलेली. ही माती पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की आक्रसते, आणि वर बसलेल्या घराला काही विचारत नाही. पावसाळ्यात दारं चौकटीत अशी अडकत की खांदा लावल्याशिवाय उघडत नसत. उन्हाळ्यात त्याच दारांना फटी पडत आणि अंगणात भेगा. त्या भेगांनी आजवर किती चमचे, कंगवे आणि किल्ल्या गिळल्या याची मोजदाद नाही. एका घरातल्या सासऱ्यांची कवळी गेली ती गेलीच.

अशी एक्केचाळीस घरं काचबाईच्या पदरात होती. वर्षातून दोनदा, उन्हाळा सरताना आणि पावसाळा सरताना, ती प्रत्येक घराच्या चारही कोपऱ्यांची उंची मोजायची. तिच्याकडे एक लांबलचक पारदर्शक नळी होती. नळीत पाणी, पाण्यात लाल शाईचे दोन थेंब. नळी कशीही वळवा, पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर उभं राहतं. एक टोक ती घरातल्याच कुणाच्या तरी हातात द्यायची आणि दुसऱ्या टोकाकडून ओरडायची, "हलू नका! श्वास घ्या, पण हलू नका!" कुठला कोपरा किती मिलिमीटर वर आला, किती खाली गेला, हे रजिस्टरात उतरायचं आणि त्यावरून घरोघरचे निर्णय व्हायचे. कुणी न्हाणीचं पाणी लांब न्यायचं, कुणी पाया खोल करून घ्यायचा. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या शिंपीकाकांनी तर तिच्या शब्दाखातर परसातली वीस वर्षांची बाग सुकवली होती. "बाई म्हणाल्या मागची बाजू वर येतेय, पाणी बंद करा. केलं बंद," असं ते सांगत आणि वाळलेल्या वाफ्यांकडे पाठ करून बसत. दुसऱ्यांच्या पायाची एवढी काळजी वाहणारी ही बाई स्वतः मात्र दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायची.

माप कुठून तरी सुरू करावं लागतं. काचबाईचं माप एका खिळ्यापासून सुरू व्हायचं. गल्लीच्या तोंडाशी गुडघ्याएवढा दगडी खांब होता, त्याच्या माथ्यावर पितळी खिळा. खिळ्याची उंची शून्य, बाकी सगळी घरं त्याच्यावरून. रजिस्टरात पहिलीच ओळ खिळ्याची, आणि तिथं छापल्यासारखं शून्य. फेरी खिळ्यापासून निघायची, एक्केचाळीस घरं हिंडून खिळ्यावरच संपायची, आणि शेवटी पुन्हा शून्यच यायचं. फार तर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. ते आलं की तिचं तोंड असं फुलायचं, जणू पोटची पोर पहिल्या नंबरानं पास झाली.

खांब तिच्या वडिलांनी बसवलेला. ते जातिवंत गवंडी, सारी वसाहत त्यांना गवंडीबाबा म्हणे. चौदा वर्षांपूर्वी तिला हे काम मिळालं तेव्हा ती त्यांनाच म्हणाली होती, "बाबा, अशी खूण बसवून द्या की जग बुडालं तरी हलायला नको." बाबांनी भर उन्हाळ्यात दोन दिवस खड्डा खणला, खांब रोवला, खिळा ठोकला. उन्हात उभं राहून मापं घ्यायला नकोत म्हणून तिनं खांबाशेजारी एक रोप लावलं. त्याचं आता घराच्या वर गेलेलं झाड झालं होतं.

खांबाला लागूनच बाबांचं घर. तिथं ते, तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि दहा वर्षांची भाची असे राहत. आणि त्या घराचा पुढचा कोपरा चौदा वर्षांत तसूभर हलला नव्हता. ओळीनं शून्यं. वसाहतीत असं दुसरं घर नव्हतं. भाऊ ज्याला त्याला सांगत सुटायचा. बाबांनी रजिस्टरातल्या त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली होती आणि उशीखाली ठेवली होती. कधीमधी काढून बघत बसायचे, बोलायचे नाहीत. म्हाताऱ्याला अभिमान आहे, पण दाखवत नाही, असं सगळे धरून चालले होते.

नाही म्हणायला एकानं शंका काढली होती. एका वर्षी पाऊसच झाला नाही. विहिरी आटल्या, भेगांत हात जाऊ लागला. तेव्हा वसाहतीच्या ऑफिसातल्या नव्या साहेबांनी रजिस्टर चाळता चाळता विचारलं, "बाई, यंदाही बाकीची घरं वरच आलीत? पाणी नसताना माती फुगली कशी?" काचबाई म्हणाली, "साहेब, या मातीत चार वर्षं काढा, मग बोलू." साहेबांनी ओशाळून रजिस्टर मिटलं. जवळ उत्तर नसलं की माणूस अनुभवाचा धाक घालतो. काचबाईनं तो घातला आणि विसरूनही गेली.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी सव्वासातला भावजयीचा फोन आला. "ताई, बाबांच्या खोलीतली काच तुटली."

"कुणी काही आपटलं का? पोरगी खेळत होती?"

"ती कुठली त्या खोलीत जातेय! बाबा पाऊल टाकू देत नाहीत तिला. आता शाळेत गेलीय. पण ताई, वरून माती पण पडतेय हो."

काचबाईनं चहा तसाच ओट्यावर ठेवला, पिशवी उचलली आणि निघाली.

बाबांची खोली पुढची, रस्त्याकडची. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडल्यापासून ते खाटेवरच होते. खाट खिडकीला लावलेली, उशी रस्त्याकडच्या भिंतीशी, आणि बरोबर उशीच्या वर छताची तुळई भिंतीत शिरलेली. काच मधोमध तुटली होती. तीन महिन्यांपूर्वी केसाएवढ्या तड्यावर तिनंच लावलेली. दोन तुकड्यांमध्ये नखभर अंतर, आणि तडा वर जाईल तसा रुंद होत गेलेला.

"इतक्या सकाळी?" बाबा म्हणाले.

"काच बघायला आले." ती स्टुलावर चढली. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथला गिलावा फुगला होता. तिनं पट्टीच्या टोकानं नुसतं टोकरलं तर हातभर पापुद्रा सुटून खाली आला. आत बघितलं, तर तुळईचं टोक भिंतीतून सरकलेलं. ती खाली उतरली, पिशवीतला ओळंबा काढला आणि बाहेर गेली. ओळंबा बाबांचाच, पितळेचा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. शिडी लावून तिनं भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली. सरळ भिंतीला ओळंबा खालपर्यंत चाटून जातो. इथं तो जमिनीशी भिंतीपासून तीन बोटं लांब लटकत होता. भिंत माथ्याकडून रस्त्यावर झुकली होती.

ही तुळई जुन्या एका घरातून काढून आणलेली, मुळातच आखूड. भिंतीवर तिला चार बोटंच जागा मिळाली होती. "भिंत हलली नाही तर चार बोटं पुष्कळ," असं बाबाच तेव्हा म्हणाले होते. चारातून तीन गेली की किती उरतात, हे सांगायला रजिस्टर लागत नाही.

भाऊ दात घासत बाहेर आला. "काय गं ताई?"

"तुझ्या त्या ओळखीच्या कंत्राटदाराकडून दोन लोखंडी टेकू आण. स्क्रूचे. आत्ता, असाच्या असा जा."

"अगं पण पुढचा कोपरा तर शून्य आहे ना? तूच..."

"जा म्हणते ना!"

तिचा आवाज असा चिरकला की भाऊ तोंड न धुता स्कूटरवर बसला. ती आत आली. "बाबा, तुम्हाला मागच्या खोलीत हलवायचंय. आम्ही दोघी खाट सरकवतो."

"कशाला?"

"वरची तुळई सुटत आलीय."

"मला इथंच बरं वाटतं." त्यांनी एका हातानं खिडकीचा गज धरला. दुसऱ्या हातानं उशीखालून तो कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला. "घर हललेलं नाही. तुझ्याच हातचं लिहिलंय. वाच."

भावजयीनं गजावरचा हात सोडवायला बघितलं. म्हाताऱ्याचे पाय गेले होते, पण पन्नास वर्षं विटा पेललेल्या हातांची पकड तशीच होती. दोघींनी खाटेला रेटा दिला तशी खाट भिंतीवर घासली, आणि वरून मूठभर माती उशीवर सांडली. दोघी जागच्या जागी थिजल्या. भिंतीला धक्का देऊन चालणार नव्हतं. माणूस स्वखुशीनं उठायला हवा होता, आणि तो तर तिचंच लिहिलेलं तिच्या तोंडावर धरून पडला होता.

ओळंबा सांगतोय भिंत गेली, खिळा सांगतोय काही हललं नाही. दोघांतला एक खोटा होता. ओळंब्याला खोटं बोलता येत नाही, तो कुणाच्या आधारावर उभा नसतो. मग उरलं कोण? तिला एकदम त्या साहेबांचा प्रश्न आठवला: पाणी नसताना माती फुगली कशी?

"वहिनीबाई, बाहेर चला," ती भावजयीला म्हणाली. चिडली किंवा घाबरली की ती भावजयीला वहिनीबाई म्हणायची. "नळीचं हे टोक खिळ्यावर धरा. हलू नका."

साठ पावलांवर पंपाची खोली होती. तिथल्या बोअरचा लोखंडी पाईप माती भेदून थेट खडकात उतरवलेला. पहिल्या वर्षी, नवी नवी हौस होती तेव्हा, तिनं त्या पाईपच्या काठाचं माप एकदा घेऊन ठेवलं होतं. पुन्हा कधी घेतलं नाही, पाईपात काय राहतंय कोण! तिनं रजिस्टराचं पहिलं पान उघडलं. खिळ्यापेक्षा दोनशे बारा मिलिमीटर उंच. मग नळी पाईपला लावली. लाल पाणी हिंदकळलं, हळूहळू थांबलं. तिनं पट्टी धरली. डोळे मिटले, उघडले, पुन्हा वाचलं.

दोनशे त्रेपन्न.

खडक एक्केचाळीस मिलिमीटर वर येत नाही. खिळाच एक्केचाळीस खाली गेला होता, आणि शेजारचा घराचा कोपरा त्याच्या बरोबरीनं, हातात हात घालून. म्हणून ती शून्यं. बाकीची घरं वर आली नव्हती, आपापल्या जागी होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. चौदा वर्षं, वर्षातून दोनदा, तिनं खिळ्यालाच विचारलं होतं, तू हललास का रे? आणि खिळ्यानं सांगितलं होतं, छे. त्या उत्तरावर तिनं बाबांच्या घराच्या मागच्या बाजूला फरशी घालायला लावली, शिंपीकाकांची बाग सुकवली आणि बाबांना पुढच्या खोलीत निर्धास्त झोपू दिलं. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण लाज वाटून घ्यायला नंतर वेळ होता. ती पळत सुटली.

"बाबा, तो कागद खोटा आहे. खिळा खचलाय."

बाबांनी छताकडचे डोळे तिच्याकडे वळवले. "किती?"

"एक्केचाळीस."

म्हाताऱ्यानं कागद छातीवर ठेवला. मग म्हणाला, "मला तीसेक वाटले होते."

काचबाईला ऐकलेलं कळायला क्षण गेला. कळलं तेव्हा ती खाटेच्या कडेला टेकली, वर तुळई असताना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुदळ वाजली होती गं." बाबा छातीवरच्या कागदाकडे बघत बोलत होते. "साडेतीन फुटांवर खणकन वाजली, दगडावर वाजते तशी. म्हटलं, लागला खडक. उन्हाळ्यात ही माती लोखंड होते, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो आणि स्वतःच फसलो. पुढं पावसाळ्यात नळासाठी तिथंच शेजारी खणलं. त्याच साडेतीन फुटांवर चिखल. हात घातला तर कोपरापर्यंत गेला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगायलाच निघालो होतो. तू पहिली फेरी संपवून आलीस. नाचत आलीस अगदी. म्हणालीस, बाबा, शून्य आलं! तुमच्या खिळ्यावर शून्य आलं! मग माझ्यानं बोलवेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता..."

वर कुरकुर झाली. बारीक माती धार लावून पडू लागली, कागदावर, म्हाताऱ्याच्या दाढीच्या खुंटांवर.

"बाबा, हात सोडा."

"तू जा बाहेर आधी."

"नाही जात. पडली तर दोघांवर पडू दे. माझाही हिस्सा आहे त्यात." ती खरंच हलली नाही. "चौदा वर्षं मला शून्य लिहू दिलंत. आता इथं पडून राहून अजून काय लिहायला लावणार आहात मला?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग तुळईकडे. गजावरची बोटं एकेक करून सुटली.

तेवढ्यात स्कूटर थांबली. भाऊ टेकू घेऊन धावत आत आला, त्यानं वर बघितलं आणि खाटेचं डोकं धरलं. काचबाईनं पायथा धरला. भिंतीला न लागू देता, वीत वीत करत, त्यांनी खाट उचलून दाराबाहेर काढली. भाऊ परत आत शिरला, टेकू तुळईखाली उभा केला आणि स्क्रू फिरवायला लागला. दोन वेढे झाले असतील नसतील, भिंतीची कड निखळली आणि दोन विटा आणि हातभर गिलावा धाडकन जमिनीवर आला, जिथं घटकेपूर्वी उशी होती तिथं. "टेकू धरला!" भाऊ आतून ओरडला. "धरलाय! तुळई बसली!"

खाट समोरच्या घराच्या सावलीत ठेवली होती. भावजय बाबांच्या अंगावरची माती झटकत होती. झटकता झटकता तिचा हात थांबला.

"पोरगी दोन वर्षं मागे लागलीय, आजोबांच्या खोलीत झोपते म्हणून," ती हळू म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, मी घोरतो, तिची झोपमोड होईल. बाबा, तुम्ही तर घोरत नाही."

बाबांनी मान वळवली.

"कुणाला तरी तिथं झोपायलाच हवं होतं," ते म्हणाले. "रिकामी खोली कुणी ठेवतं का घरात? पोरीनं लगेच पसारा मांडला असता."

काचबाईला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि त्यांना पोटाशी धरायचंही होतं. दोन्हीपैकी काही तिला जमलं नाही. तिची नजर झाडाकडे गेली. खांबाला बिलगून उभं असलेलं, डेरेदार, हिरवंगार. भर उन्हाळ्यात हिरवं राहायला त्याला पाणी कुठून मिळत होतं? खांबाखालच्या आणि भिंतीखालच्या मातीतूनच. मुळं पाणी ओढत राहिली, माती आक्रसत राहिली आणि त्या सावलीत उभी राहून ती शून्य लिहीत राहिली. खिळा बाबांचा होता, पण झाड तिचं होतं.

"झाड मी लावलं, बाबा," ती म्हणाली.

"माहीतय."

"तेही बोलला नाहीत."

"तू बादल्या वाहून जगवलं होतंस ते."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीतलं शून्य खोडलं. शेजारी लिहिलं: एक्केचाळीस, खाली. अक्षर वाचता येईल असं काढलं. मग पान उलटून घरांचे नंबर बघू लागली. एक्केचाळीस घरं. एकेका दारात जाऊन सांगायचं होतं, की मी चुकले, चौदा वर्षं चुकत होते.

"कुणापासून सुरू करणार?" बाबांनी विचारलं.

"शिंपीकाकांपासून. त्यांची बाग गेली माझ्यापायी."

"खुर्ची आण," बाबा भावाला म्हणाले. "हातांची. मला त्यात बसव आणि उचला दोघांनी."

"बाबा, तुम्ही पडून राहा. मी सांगेन काय ते."

"तू माप सांग. तुझं काम मापाचं."

मग भर दुपारी, डोक्यावर ऊन घेऊन, दोघा भावंडांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दोनदा खाली ठेवावं लागलं. भावजय मागून छत्री धरून चालत होती. शिंपीकाकांनी दार उघडलं, दारात खुर्चीवरचा गवंडीबाबा बघितला, मागे घामाघूम काचबाई, आणि ते गोंधळले. "अरे, अरे! बाबा, तुम्ही? काय झालं? या, आत या."

काचबाईनं तोंड उघडलं. त्याआधीच बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"आत नंतर येतो," ते म्हणाले. "आधी ऐका. खिळ्याचा खड्डा मी खणला होता."